तुझ्या फ्लेक्सवरची माझी चार बोटं

चैतू, तुझ्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर माझी चार बोटं होती. तुझ्या डाव्या खांद्यावर, पिवळ्या ओढणीवर. भाईंदर पश्चिमेला तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, रिक्षा स्टँडच्या वर तो लावला होता. फोटो आपल्या दोघींचा आहे, कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटतानाचा. त्यातून मला कापून टाकलं. बोटं कापायची राहिली.

मी रूपेशदादाला म्हटलं, "मला विचारलंत तरी का कापताना?" तर तुझा भाऊ म्हणतो, "जिवंत माणसाचा फोटो लावतात काय त्याच्यावर? येडी हायस का?" मग खाली पाच पुढारी हात जोडून उभे होते, ते काय मेलेत? त्यातल्या एकाने तरी तुला कधी बघितलं होतं का? ते राहिले. मी गेले.

पण ते सोड. फोटोखाली लिहिलं होतं, 'कु. चैताली हिचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.' अल्पशा! मी तणतणत फ्लेक्सवाल्याच्या दुकानात गेले. त्याने कॉम्प्युटरवरून मान पण वर केली नाही. "मॅडम, मॅटर तो वही रहता है. फोटो और नाम चेंज करते हैं बस." साचा तयारच असतो म्हणे. निरांजन, कमळ, अल्पशा आजाराने. माणूस नव्वदीचा असो, नाहीतर तुझ्यासारखा शेवटच्या वर्षाची परीक्षा द्यायची राहिलेला, सगळ्यांचा आजार अल्पसा.

तुझा आजार अल्पसा नव्हता. तुला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, आणि तो तू कित्येक महिने दाबून ठेवला होतास. हे मी इथे, कॉलेजच्या अंकात, परवानगी घेऊन लिहितेय. कुणाची, ते शेवटी सांगते.

अंकाचं काम बघणारे सर म्हणाले, "चैतालीवर हळवं काहीतरी लिही, भडक नको." तुझा जन्म, तुझे छंद, तू मनमिळाऊ होतीस हे सगळं बाकीच्यांनी लिहिलंय. मला हळवं येत नाही. मला राग येतो. आणि खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो. तू असताना वाटायचा, तू गेल्यावर कमी होईल असं वाटलं होतं, झाला नाही.

हा विषय माझा होता, चैतू. आपल्या आरोग्य गटात सगळे डेंग्यू घेत होते, तंबाखू घेत होते. आतड्याचा कॅन्सर कुणी घेईना, म्हणून मी घेतला. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा बँकेच्या युनियनची पत्रकं लिहायचे, परळची खोली सोडून आम्ही नवघरला आलो तेव्हा भांड्यांच्या आधी जुन्या पत्रकांचे गठ्ठे टेम्पोत चढले. पहिली ओळ चापटीसारखी बसली पाहिजे, हे मी त्यांच्याकडून शिकले. म्हणून मी पहिली ओळ लिहिली, 'तुमचं आतडं म्हणजे कचराकुंडी आहे काय?' खाली सगळं सुनावलं. बाहेरचं खाणं, सॉसेज-सलामी, दारू, सिगरेट, दिवसभर एका जागी बसणं, पालेभाजी बघून नाक मुरडणं. त्याच्या खाली लक्षणं, 'शौचाच्या सवयींत बदल, शौचावाटे रक्तस्राव, विनाकारण वजन घटणे.'

तू ते वाचलंस आणि खो-खो हसलीस.

"शौच? अगं पत्रकबाई, भाईंदरमध्ये जन्मात कुणी शौचाला गेलंय काय?"

"मग काय लिहू?"

"संडास लिही ना. संडासातून रक्त पडतंय काय, असं विचार."

"घाण वाटतं."

"घाणच हाय ती. तुझी काय अत्तराची येते?"

तेव्हापासून तू मला पत्रकबाईच म्हणायला लागलीस. मी 'शौच' हा शब्द बदलला नाही. तू बदलायची गरजच ठेवली नाहीस, कारण तू पत्रक न वाटता नुसती बोलायचीस.

कॅन्टीनमधला तो दिवस आठवतो? मी टेबलाटेबलावर विचारत होते, मोठ्या आतड्याचा कॅन्सर कशाने होतो, कुणाला माहीत आहे का? "तिखट खाल्ल्याने." "म्हाताऱ्यांना होतो ना तो?" "ये लेडीज को होता है क्या?" आपलं विज्ञानाचं कॉलेज, ही विज्ञानाची मुलं. तो उंच मुलगा, शेजवान नूडल्सची प्लेट पुढ्यात घेऊन मला म्हणाला, "अपना पेट लोहे का है, टेन्शन नहीं." मी म्हटलं, लोखंडालाही गंज चढतो. सगळं टेबल माझ्यावर हसलं. तू येऊन त्याच्या बाजूला बसलीस, त्याच्याच प्लेटमधली नूडल उचललीस आणि विचारलंस, "काय रे, उद्या संडासातून रक्त पडलं तर कुणाला सांगशील?"

"छी! क्या बात करती है यार."

"मम्मीला?"

"पागल है क्या!"

"पप्पांना? दोस्ताला? हिला सांगशील?" माझ्याकडे बोट.

"इसको? ये तो मुझे ही डाँटेगी."

हशा झाला. तूही हसलीस. मग तू हळूच म्हणालीस, "मग कुणालाच न्हाय ना?" आणि टेबल गप्प झालं. माझ्या पत्रकाने आजवर कुठलंही टेबल गप्प केलेलं नाही. त्यांनी त्यावर समोसे ठेवले.

दोन तासांनी तोच मुलगा पाण्याच्या कूलरजवळ तुझ्याशी बोलत उभा होता, खाली मान घालून. त्याला रक्त पडत होतं. त्याच्या वरच्या खिशात घडी घातलेलं माझं पत्रक मला दिसत होतं आणि बोलत होता तुझ्याशी. तू त्याला डॉक्टरकडे पिटाळलंस. त्यांनी तपासून सांगितलं, मूळव्याधच आहे, औषध घे. तपासून सांगितलं, हे महत्त्वाचं. नाहीतर आपल्याकडे मूळव्याध हे निदान नसतं, पांघरूण असतं. घरात कुणाला रक्त दिसलं की 'उष्णता झाली', 'मूळव्याध असेल', झालं, संपलं.

आणि ती पोस्टरं! स्टेशनच्या भिंतीपासून मुतारीच्या दारापर्यंत, खांब दिसला की लाव. 'मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन. पहिल्या दिवसापासून आराम.' आपण सकाळी कॉलेजच्या मागच्या भिंतीवर आपली पत्रकं डकवायचो, संध्याकाळी त्यावर पिवळं पोस्टर. त्यांची खळ पण आपल्यापेक्षा चांगली होती, निघायचीच नाही. मी नखांनी खरवडत बसायचे आणि शिव्या द्यायचे. तू बाजूला उभी राहून ते पोस्टर शांतपणे वाचायचीस.

"बघ, याने काय लिहिलंय. 'लाजू नका. महिलांसाठी महिला वैद्य.' आपण काय लिहिलंय? कचराकुंडी."

"तो फसवतो, चैतू."

"फसवतो. पण पहिले बोलवतो. तू पहिले झापतेस."

हा आपला वाद. स्टेशनबाहेर वडापाव खाताना चाललेला, हो, वडापाव, आणि तू म्हणायचीस, घे, कचराकुंडीत अजून एक टाक. मी म्हणायचे, कारणं लिहिलीच पाहिजेत. विशी-बाविशीत ज्या सवयी लागतात त्याच पुढे आयुष्यभर राहतात, कॉलेजच्या मुलांना आत्ता नाही सांगायचं तर कधी? तू म्हणायचीस, कारणं खाली टाक, वर एवढंच लिही, रक्त दिसलं तर सांगा. ज्याला आधीच झालाय तो तुझी कारणं वाचून काय करेल? स्वतःलाच दोष देईल आणि लपवेल. मी म्हणायचे, उगाच लाड. तू म्हणायचीस, बरं बाई. आणि माझा उरलेला वडा खायचीस.

मला आता कळतं की त्यातल्या काही वेळा तू तुझ्याबद्दल बोलत होतीस. नेमक्या कुठल्या, ते कळत नाही. मी आठवून आठवून थकले.

नंतर तू बारीक व्हायला लागलीस. अख्खा वर्ग तुझ्यावर जळत होता, मी एकटी नव्हते. तो निळा ड्रेस तुला ढगळ झाला तेव्हा आम्ही तुझ्याभोवती जमलो होतो, कुठला डाएट, सांग ना, सांग ना. तू प्रत्येकीला वेगळा डाएट सांगितलास. एकीला कोमट पाणी, एकीला भात बंद, हेतलला म्हणालीस "गाठिया छोड दे, बस." मला डोळा मारून म्हणालीस, "मासे खा." मी घरी येऊन आरशासमोर उभी राहून तुझा राग राग केला. मैत्रीण असून खरं सांगत नाही म्हणून. 'विनाकारण वजन घटणे' माझ्याच पत्रकात, माझ्याच हाताने टाइप केलेलं होतं. पण ते वाक्य कुणातरी पन्नाशीच्या माणसाबद्दल आहे असंच मला वाटायचं. विषय निवडला मी, आणि मीही त्या कॅन्टीनच्या टेबलासारखीच.

मग काकींचा फोन आला. तुझी आई फोनवर नेहमी ओरडून बोलते, मासळी बाजाराची सवय. त्या दिवशी आवाजच नव्हता. "चैतूला ॲडमिट केलंय. रक्तच न्हाय अंगात, डाक्टर बोलतात."

वॉर्डमध्ये तू मला सगळं सांगितलंस, म्हणजे ऑपरेशन वगैरे सगळं झाल्यावर. रक्त केव्हापासून पडत होतं. तू कसा आधी बीट खाल्ल्याचा बहाणा स्वतःलाच दिलास. आणि मग ते. तू पोस्टरवरच्या नंबरला फोन केला होतास. आपल्या पत्रकावर चिकटवलेल्या, मी नखं तुटेपर्यंत खरवडलेल्या पोस्टरच्या.

"एक बाई बोलली," तू म्हणालीस. "एवढी गोड बोलली ना. 'लाजू नको बाळा, सगळ्यांना होतं.' मी फोनवर रडले."

"तपासलं का तिने?"

"न्हाय. पुड्या दिल्या. बरं वाटायचं मधे मधे."

मी उठून बाहेर गेले. तुला वाटलं मी रडायला गेले. मी जळत होते, चैतू. तुझा आजार, सलाईन, तुझे डॉक्टर, सगळं राहिलं बाजूला, माझ्या डोक्यात एकच, हिने त्या बाईला सांगितलं. रोज बाकावर मांडीला मांडी लावून बसणाऱ्या मला नाही, त्या बाईला. तिने तुला बाळा म्हटलं. मी तुला कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून ओळखते, मी तुला कधी बाळा म्हटलं नाही. मला सुचलंच नसतं.

परत आत आले तेव्हा तू म्हणालीस, "रागावलीस?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पत्रक काढलं असतंस."

दोघी हसलो. तुला टाके दुखेपर्यंत हसू आलं आणि सिस्टर ओरडल्या. मग तू म्हणालीस, "खरं सांगू? तुझी ती कारणं मी रात्रंदिवस मोजायचे. सॉसेज मी बघितलं पण न्हाय. दारू न्हाय, सिगरेट न्हाय. आईच्या हातचं जेवण, बाजारापर्यंत रोज चालणं. मग मला का? मग वाटायचं, केलं असेल काहीतरी. तू लिहिलंयस म्हणजे असेल."

मी तेव्हा उत्तर दिलं होतं, आज परत देते, कारण तू अर्ध्यात डोळे मिटून घेतले होतेस. कारणं म्हणजे शिक्षा नव्हे. त्या सवयींनी धोका वाढतो, म्हणून त्या सोडायच्या. पण त्यातलं काहीही न करता होतो, तरुणपणी होतो, कधी घराण्यातून येतो. तुझे काका 'पोटाच्या दुखण्याने' गेले असं तुमच्याकडे सांगतात, ते काय होतं कुणी विचारलं? तिथेही अल्पसा आजारच असणार. तेव्हा वाद संपलेला नाही, चैतू. तू मरून जिंकल्यासारखं दाखवलंस. ती चीटिंग आहे. कॉलेजात आता, कुजबुजत का होईना, सगळ्यांना आतड्याचा कॅन्सर माहीत आहे, तुझ्यामुळे. माझ्या एवढ्या गठ्ठ्यांनी जे झालं नाही ते तू एका जाण्याने केलंस, आणि मला त्याचाही हेवा वाटतो. आणि असा हेवा करायला लावलास म्हणून तुझा संतापही येतो.

मला तुझं घरही हवं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. आमच्या नवघरच्या इमारतीत शेजारचे दारावरच्या पाटीपुरते माहीत. तुमच्या गल्लीत मी पहिल्यांदा आले तेव्हा कोण, कुठली, कुणी विचारलं नाही. काकींनी थेट ताट वाढलं. "काटा काढता येतो काय गं तुला?" येत नव्हता. तू माझ्या ताटातले बोंबील सोलून, काटा काढून, परत माझ्याच भातावर ठेवायचीस आणि बोलणं चालूच. घरी एकुलती एक मुलगी मी, माझ्यासाठी असं कुणी काही सोलून दिलेलं नव्हतं. आता मला काटा काढता येतो. तुझ्यामुळे येतो. हे आभार समज, दुसरे मला जमणार नाहीत.

आता ती परवानगीची गोष्ट.

तुला बघणाऱ्या डॉक्टरांनी रूपेशदादाला सांगितलं होतं, सख्ख्या भावाने दुर्बिणीची तपासणी करून घ्या, काही होत नसलं तरी. मी तिथेच होते. दहाव्यानंतर मी विचारलं, कधी जातोयस? म्हणाला, मी ठणठणीत हाय. मी परत विचारलं. परत. मग फ्लेक्सवरून आमची जुंपली. मी गल्लीत उभी राहून म्हटलं, "अल्पशा लिहून लपवलंत, आता स्वतःला लपव." तो म्हणाला, "बाहेरच्या माणसाने आमच्या घरात बोलायचं न्हाय. माझं लगीन व्हायचंय अजून. घरात कॅन्सर बोलले का कोण पोरगी देणार?" बाहेरची. चैतू, माझी चार बोटं त्याच्या डोक्यावर लटकत होती आणि तो मला बाहेरची म्हणाला. मी रिक्षात बसून तावातावाने निघून आले. तू असतीस तर म्हणाली असतीस, झालं तुझं झापून?

गेल्या आठवड्यात तो आमच्या बिल्डिंगखाली आला. स्कूटरवरून उतरला नाही. हँडलला सुक्या बोंबलांची पिशवी, काकींनी दिलेली. मी खाली गेले. तो पिशवीशी खेळत राहिला.

मला खूप काही बोलायचं होतं. मी एक शब्द बोलले नाही. तुला पटणार नाही, पण खरंच नाही बोलले.

"त्या तपासणीच्या आदल्या दिवशी काय खायचं नसतं गं?" तो म्हणाला. "तुझ्या पत्रकात न्हाय लिहिलेलं."

"वाचलंस तू?"

"चैतूच्या उशीखाली व्हतं." मग म्हणाला, "मलापन पडतंय. मधे मधे. कुणाला बोललो न्हाय. आईला पन न्हाय."

माझ्या तोंडावर आलं होतं, केव्हापासून? आणि इतके दिवस काय करत होतास? मी म्हटलं, "लाजू नको." मला बाळा म्हणता आलं नाही, तो माझ्याहून मोठा आहे. पण जवळपास म्हटलंच.

काल, तपासणीच्या आदल्या दिवशी, ते पोट साफ करायचं औषध घेतलं त्याने, आणि दिवसभर मला फोन. "अजून किती वेळा गं?" पाणी स्वच्छ येईपर्यंत, मी सांगितलं. "हे का न्हाय लिहिलंस पत्रकात? कारणं लिहीत बसलीस!" तुमच्या घरात संडास एकच. काकींना वाटलं कोलंबी खराब निघाली, त्या कोळणीला बघतेच म्हणून पदर खोचून निघाल्या होत्या. मग त्याला आतूनच ओरडून सांगावं लागलं, कोलंबी न्हाय, चैतूची केली व्हती तीच तपासणी हाय. काकी दाराबाहेर नारळपाणी घेऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हेच व्हतं तर सांगायला काय झालं रे तिला? मी काय मारलं असतं?" आणि तो बाहेर आल्यावर, "तो फ्लेक्स उतरव पहिले. अल्पसा कुठं व्हता?"

कालच संध्याकाळी फ्लेक्स उतरला. माझी बोटंही उतरली. रूपेशदादा म्हणाला, "लिही तुझ्या त्या अंकात. चैतूचं लिही, माझं पन लिही, नावानिशी लिही. लग्नाचं बघू."

नवीन पत्रक छापायला गेलंय. पहिली ओळ तुझी आहे, 'संडासातून रक्त पडलं तर लाजू नका, मूळव्याध धरून बसू नका, डॉक्टरकडून तपासून घ्या.' तपासणीच्या आदल्या दिवशी काय करायचं तेही आहे. खाली माझी कारणं आहेत, सगळी. ती मी काढणार नाही, वर बसून कितीही हस.

हे मी तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. तो आत आहे. काकी शेजारी बसल्यात, मोबाइल आणि त्याची गळ्यातली चेन पदराच्या गाठीत बांधून. काय निघेल माहीत नाही. काहीही निघालं तरी तुझ्यापेक्षा लवकर निघेल.

एक गोष्ट मात्र ठरलेली आहे, ती तुला सांगायची म्हणून एवढं लिहिलं. तुझ्या भावाने पोस्टरवरच्या बाईला फोन केला नाही. तुझ्यासारखं लपवलं होतं, पण शेवटी सांगितलं. आईच्या आधी, मित्रांच्या आधी, डॉक्टरच्याही आधी, त्याने मला सांगितलं.

आता तू जळ.